घर गेले, कर्ज राहिले

दैनिकाच्या आतल्या पानांवर बारीक टायपात छापलेल्या ‘ताबा सूचना’ आणि ‘जाहीर लिलाव’ आपण सहसा वाचत नाही. कोणा अनोळखी माणसाचे नाव, घर क्रमांक, चतुःसीमा, येणे रक्कम, राखीव किंमत आणि शेवटी ‘जसे आहे, जेथे आहे’ हे ठरीव शब्द. चुकून वाचलेच तर मनात येते ते एवढेच, की बिचाऱ्याचे घर गेले. चला, निदान कर्जातून तरी सुटला. मी ३६ वर्षे बँकेत काढली. त्यांतली बरीच महाड आणि पोलादपूर ह्या दोन तालुक्यांत. त्या अनुभवावरून सांगतो, लिलाव झाला म्हणजे माणूस सुटला, हा आपल्या घराघरांतला फार मोठा गैरसमज आहे. पुष्कळदा घर जाते आणि कर्ज राहते.

हिशेब साधा आहे. समजा, एका दुकानदाराने गाळा तारण ठेवून कर्ज काढले. हप्ते थकले तेव्हा १० लाख मुद्दल शिल्लक होते. नोटीस, ताबा, मूल्यांकन, पहिला लिलाव, बोली न आल्याने दुसरा लिलाव, ह्यांत अडीच वर्षे गेली. दरसाल १२ टक्क्यांनी, तेही सरळव्याज धरले, तरी व्याज ३ लाख झाले. वकील, मूल्यांकनकार, पहारेकरी आणि जाहिरात ह्यांचा खर्च ४० हजार. एकूण येणे १३ लाख ४० हजार. गाळा विकला गेला साडेआठ लाखांना. उरले ४ लाख ९० हजार. ही बाकी कोणाची? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. ती कर्जदाराचीच.

बँकेच्या बोलीत ज्याला ‘सरफेसी’ म्हणतात, तो कायदा २००२ सालचा. त्याच्या १३व्या कलमाने बँकेला ६० दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात न जाता, तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा व विकण्याचा अधिकार दिला. विक्रीतून जास्त पैसे आले, तर वरची रक्कम मालकाला परत करायची, असे ते कलम सांगते. आणि कमी आले, तर उरलेल्या रकमेसाठी बँकेने कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे किंवा योग्य त्या न्यायालयात जावे, असेही त्याच कलमाचे १०वे पोटकलम सांगते. २०१८ पासून २० लाखांच्या आतली प्रकरणे न्यायाधिकरणाकडे जात नाहीत, दिवाणी न्यायालयात जातात. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या बाक्या शेवटी तालुक्याच्या कोर्टातच येतात. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे की नाही, हा वाद अनेक वर्षे चालला. तो कोल्हापूरकडच्या विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँकेच्या प्रकरणात मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मिटवला. कायदा त्यांनाही लागू आहे. पतसंस्थांचा मार्ग निराळा. सहकार कायद्याच्या १०१व्या कलमाखाली वसुलीचा दाखला घ्यायचा आणि वसुली अधिकाऱ्यामार्फत जप्ती करायची.

हे काही २००२ साली नव्याने निघालेले नाही. सोने गहाण ठेवले, ते विकून भागले नाही, तर उरलेले गहाण ठेवणाऱ्याने द्यावे, हे १८७२ च्या करार कायद्यातच आहे. मागची कल्पना अशी, की कर्ज हे वचन आहे आणि तारण हा त्या वचनाला दिलेला टेकू. टेकू काढून घेतला, विकला किंवा वाहून गेला, तरी वचन उभेच राहते.

टेकू वाहून गेला तर

टेकू वाहून जाणे म्हणजे काय, हे महाडकरांना वेगळे सांगायला नको. सावित्री आणि गांधारी ह्या दोन नद्यांच्या कुशीत वसलेले हे गाव. जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठेतली दुकाने पाण्याखाली गेली, कपड्यांचे गठ्ठे, धान्याची पोती, औषधांची खोकी चिखलात मिसळली. ह्यांतला पुष्कळसा माल बँकांकडे नजरगहाण असतो. म्हणजे माल दुकानदाराच्या ताब्यात, पण त्यावर हक्क बँकेचा. तो माल गेला म्हणून कॅश क्रेडिट खात्यातली बाकी एका रुपयानेही कमी होत नाही. विमा असला तर आधार. पण हप्ता वाचवण्यासाठी २० लाखांच्या मालाचा विमा १० लाखांचाच उतरवला असेल, तर कंपनी सरासरीचा नियम लावते. ४ लाखांचे नुकसान झाले की हातात निम्मेच पडतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा आपत्तीनंतर बँकांनी कर्जाचे पुनर्गठन करून मुदत वाढवून द्यायची असते. ही सवलत मोलाची आहे. परंतु मुदत वाढते, तसे व्याजही वाढते.

स्थावराचेही तसेच. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमधली ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळली, १६ जीव गेले. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड आली आणि ८० हून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर डोंगर उतरला. जिथे माणसेच गेली तिथे पैशांची गोष्ट काढणे बरे दिसत नाही, पण कायदा ती काढतो. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा. त्याचे ६८वे कलम म्हणते, की कोणाचाही दोष नसताना तारण मालमत्ता नष्ट झाली, तर धनकोने आधी पुरेसे दुसरे तारण मागावे, आणि संधी देऊनही ते मिळाले नाही तर पैशांचा दावा करावा. इमारत कोसळली म्हणून तिच्यातल्या सदनिकेवरचे कर्ज कोसळत नाही.

पोलादपूरच्या डोंगरी भागात अडचण निराळी. सातबाऱ्यावर आठ-दहा नावे, निम्मे वारस मुंबईत, वाटण्या तोंडी झालेल्या, आणि जमीन बहुतेक वरकस. शेतजमिनीला ‘सरफेसी’ लागू होत नाही. लागू असता तरी असला तुकडा लिलावात घेणार कोण? म्हणून इथल्या कर्जव्यवहाराचा खरा कणा जमीन नाही. तो आहे जामीनदार. प्राथमिक शाळेचे गुरुजी, एसटीचे वाहक, एमआयडीसीतला कायम कामगार, ज्याचा पगार ठरलेल्या तारखेला होतो असा माणूस.

गुरुजींची सही

पोलादपूरच्या शाखेत असताना असे एक गुरुजी माझ्यासमोर बसले होते. भाच्याने टेम्पो घेतला होता. घाटातली वाहतूक, डिझेलचे भाव आणि एक अपघात, ह्यांत हप्ते थकले. गाडी ओढून नेली गेली आणि विकली गेली. बाकी उरली ती गुरुजींच्या नावे निघाली.

‘साहेब, गाडी तर त्यांनी नेली. आता कसले पैसे?’ त्यांनी विचारले.

‘गुरुजी, गाडीचे आले तेवढे वळते झाले. उरलेले तुमच्या भाच्याने द्यायचे आहेत.’

‘मग त्याच्याकडे मागा. मी फक्त सही केली.’

‘फक्त सही’ हे दोन शब्द मी नोकरीत जितक्या वेळा ऐकले, तितके दुसरे कुठलेच ऐकले नसतील. करार कायद्याच्या १२८व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराला पिळा, मग माझ्याकडे या, असे त्याला म्हणता येत नाही. बँकेला वाटले तर ती आधी त्याच्याकडे जाऊ शकते. हुकूमनामा झाल्यावर पगाराला जप्ती लागते. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश एवढे वाचते, बाकीचे जाते. एका हुकूमनाम्यात अशी जप्ती एकूण २४ महिन्यांपर्यंत चालू शकते. पगारदारांच्या सहकारी संस्थांना तर सभासदाने लिहून दिले असेल तर मालकाकडून थेट पगारातून कपात करून घेता येते. जामीनदाराने पैसे भरले, की बँकेचे सगळे हक्क त्याच्याकडे येतात आणि तो भाच्यावर दावा लावू शकतो. कागदावर हा हक्क भक्कम आहे. पण बहिणीच्या मुलावर दावा लावणारा मामा मी अजून पाहायचा आहे. बाकी फिटते, पण भाऊबीज बंद होते. हे नुकसान कुठल्याच खातेवहीत लिहिले जात नाही.

म्हणून घरातल्या सर्वांनी काही गोष्टी नीट माहीत करून घ्याव्यात. बापाचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे, ही आपल्याकडची जुनी धर्मभावना, आणि एकेकाळी ती हिंदू कायद्याचाही भाग होती. ९ सप्टेंबर २००५ पासून ती कायद्यातून गेली. त्यानंतरच्या कर्जासाठी केवळ मुलगा किंवा नातू आहे एवढ्यावरून न्यायालय त्याला धरत नाही. वडिलांकडून जे वारशाने आले, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. मुलाने स्वतः सही केली असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

बाकीच्या वसुलीसाठी जप्ती आली तरी स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि धर्मरूढीने स्त्री जे अंगावरून उतरवू शकत नाही तो दागिना, म्हणजे मंगळसूत्र, ह्यांना दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६०वे कलम हात लावू देत नाही. कर्ज फेडता येत नाही एवढ्या कारणावरून कोणाला तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले आहे. पैसे असून दडवले, तर मात्र ती लबाडी.

आणखी एक शब्द लोकांना फसवतो. ‘बँकेने कर्ज राइट ऑफ केले’ अशी बातमी येते आणि थकबाकीदाराला वाटते, आपले माफ झाले. राइट ऑफ म्हणजे बँकेने आपल्या ताळेबंदातून ती रक्कम काढली, एवढेच. कर्जदाराचे देणे तसेच राहते. कर्जमाफी ही निराळी चीज आहे, आणि ती लेखी मिळाल्याशिवाय मिळाली असे समजू नये.

दुसरी बाजू

बँकेचे नाव निघाले की लोक सावकाराची आठवण काढतात. पण बँकेचा पैसा बँकेचा नसतो. आपल्याच जिल्ह्यात २०१० मध्ये पेण अर्बन बँक बंद पडली, तेव्हा रांगेत उभे राहिलेले निवृत्त कारकून, मच्छी विकणाऱ्या बायका आणि मुलीच्या लग्नासाठी ठेव ठेवलेले शेतकरी ज्यांनी पाहिले, त्यांना हे सांगावे लागणार नाही. ठेवविमा तेव्हा एक लाखापुरताच होता; तो पाच लाखांवर गेला २०२० मध्ये. बुडालेली प्रत्येक बाकी शेवटी कोणा ठेवीदाराच्या किंवा प्रामाणिक कर्जदाराच्या डोक्यावर जाऊन बसते. घर दिले की हिशेब संपला, असा सरसकट नियम केला, तर उद्या बँका घराच्या निम्म्या किमतीचेही कर्ज देणार नाहीत, आणि भोगावे लागेल ते गरजू माणसालाच.

परदेशांत ह्याची दोन्ही टोके दिसली. अमेरिकेत राज्याराज्यांत कायदा वेगळा. कॅलिफोर्नियात राहत्या घराच्या खरेदीसाठीच घेतलेल्या कर्जाची उरलेली बाकी मालकाकडून वसूल करता येत नाही. २००८ च्या मंदीत घराची किंमत कर्जाच्या खाली गेली, तेव्हा काही लोकांनी किल्ल्या पाकिटात घालून बँकेला पाठवून दिल्या आणि ते मोकळे झाले. स्पेनमध्ये उलट. तिथे घर गेल्यावरही उरलेले सगळे देणे माणसाच्या मागे लागत असे. हजारो कुटुंबे बेघर होऊन वर कर्जदारही राहिली. घर घ्या आणि कर्ज मिटवा, अशी मागणी घेऊन लोक रस्त्यावर आले. २०१२ मध्ये अगदी हलाखीतल्या कुटुंबांसाठी तशी वाट निघाली आणि २०१५ मध्ये ‘दुसऱ्या संधी’चा कायदा झाला.

आपल्याकडे ह्या प्रश्नाचा विचार नव्हता असे नाही. व्याज एका वेळी मुद्दलाहून जास्त मागू नये, हा दामदुपटीचा नियम आपल्या धर्मशास्त्रातला. मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी तो इंग्रजी अमलातही मानला. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासायला सांगितले. खास गहाण न टाकलेली जमीन कर्जासाठी विकायला बंदी केली. म्हणजे गहाण होते ते गेले, तरी उरलेली शेती वाचत असे. परक्या सरकारला दंगलीनंतर का होईना जे सुचले, ते आपल्याला शांततेच्या काळात सुचायला हरकत नसावी.

दोष कुठे आहे

माझ्या मते बाकी मागण्यात अन्याय नाही. ती कशी तयार होते आणि ती कधी संपते, ह्यात आहे. वरच्या उदाहरणातल्या ४ लाख ९० हजारांकडे पुन्हा पाहा. त्यांतले ३ लाख हे केवळ वाट पाहण्याचे व्याज आहे. बँकेने कुलूप लावल्यावर गाळा दुकानदाराच्या उपयोगाचा राहिला नाही, तो भाड्याने देता येत नाही, स्वतः विकता येत नाही, पण व्याजाचा मीटर मात्र करारातल्या दरानेच फिरत राहतो. मौज अशी, की ९० दिवस हप्ता थकला की बँक स्वतःच्या पुस्तकात ते व्याज उत्पन्न म्हणून धरत नाही. स्वतःच्या नफ्यात जे खरे मानत नाही, ते कर्जदाराच्या नावे पूर्ण मांडते. प्रत्यक्ष ताबा घेतला त्या दिवसापासून व्याजाला आळा घालण्याचा नियम करायला कोणाच्या ठेवीला धक्का लागणार नाही. उलट लिलाव लवकर करण्याची घाई बँकेला होईल.

दुसरे मूल्यांकनाचे. कर्ज देताना गाळ्याची किंमत बँकेच्या पॅनेलवरचा मूल्यांकनकार ठरवतो आणि त्याची फी कर्जदार भरतो. विकताना त्याच पॅनेलवरचा दुसरा मूल्यांकनकार निराळी किंमत सांगतो आणि त्याचाही खर्च कर्जदाराच्याच नावे पडतो. दोन्हींतला फरक पूर्णपणे एकाच्याच माथी का? पूररेषेतल्या गाळ्यावर डोळे मिटून कर्ज दिले असेल, तर त्या निर्णयाचा काही भार देणाऱ्यानेही उचलला पाहिजे.

तिसरे आणि सर्वांत मोठे म्हणजे शेवट. २०१६ मध्ये दिवाळखोरीचा नवा कायदा झाला. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तो धडाक्याने चालला, आणि त्यांत बँकांनी सरासरी दाव्याच्या सुमारे एक तृतीयांश रकमेवर समाधान मानले आहे. त्याच कायद्याचा व्यक्तींसाठी असलेला तिसरा भाग २०१९ मध्ये फक्त कंपन्यांच्या जामीनदारांना लागू केला गेला. महाडच्या दुकानदाराला आणि पोलादपूरच्या टेम्पोवाल्याला तो अजून लागू नाही. त्यांच्यासाठी आहे १९२०चा प्रांतिक दिवाळखोरी कायदा, ज्याची वाट तालुक्याच्या कोर्टात क्वचितच कोणी धरतो. नव्या कायद्यात गरिबांसाठी ‘नवी सुरुवात’ नावाची तरतूद आहे खरी, पण तिच्यासाठी वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत आणि कर्ज ३५ हजारांच्या आत हवे, शिवाय राहते घर नसावे. ती अमलात आली तरी त्या चाळणीतून कोण जाईल? ह्या मर्यादा वाढवून तो भाग सामान्य माणसाला लागू करणे, हे कुठल्याही कर्जमाफीपेक्षा स्वस्त आणि न्याय्य काम आहे. ज्याने लबाडी केली त्याला त्यातून वगळावे. ज्याचे दुकान नदीने नेले त्याला ठरावीक वर्षे ऐपतीप्रमाणे भरू द्यावे आणि मग मोकळे करावे.

तोवर घरच्या घरी काय करता येईल? ६० दिवसांची नोटीस कपाटात लपवून ठेवू नये. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. बँकेने कारवाई केल्यावर न्यायाधिकरणाकडे दाद मागायला ४५ दिवस असतात. मालमत्ता विकायचीच असेल तर बँकेची लेखी संमती घेऊन स्वतः गिऱ्हाईक शोधावे, लिलावापेक्षा चार पैसे जास्त येतात. मात्र हे लिलावाची जाहिरात छापून येण्याआधी करावे. पूर्ण येणे भरून तारण सोडवण्याचा हक्क जाहिरातीबरोबर संपतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे. लिलावानंतर किती आले, किती वळते झाले, किती उरले, ह्याचा उतारा मागून घ्यावा. एकरकमी तडजोड हा हक्क नाही, पण बाकी उरली असेल तर मागायला लाजू नये. ती झाल्यावर ‘काही येणे नाही’ असा दाखला घ्यावा. आणि बाकी कबूल असल्याच्या कागदावर सही मागितली, तर ती काय आहे हे समजून मगच करावी. त्या एका सहीने मुदतीची तीन वर्षे पुन्हा नव्याने सुरू होतात.

मुख्य म्हणजे हे सगळे एकट्याने करू नये. थकबाकीदाराच्या घरी जाण्याचे प्रसंग मला अनेकदा आले, आणि बहुतेक घरांत बायकोला आणि मुलांना कर्जाचा आकडा त्या दिवशी पहिल्यांदा कळत होता. पुरुषाने अब्रूपायी गोष्ट दडवायची, आणि कळायची ती दारावर कागद चिकटल्यावर. ज्या घरांत बाई शेजारी बसून हिशेब विचारत असे, तिथे वाट लवकर निघे, असे मी पाहिले आहे. कधी दोन बांगड्या मोडून, कधी मुंबईच्या दिराकडून उसने आणून, कधी सरळ ‘विकून टाकू या’ म्हणून. सरकारने कायदा कधी बदलायचा तो बदलो. कर्जाचा आकडा घरातल्या सर्वांना माहीत असणे, एवढे तरी आजच आपल्या हातात आहे.